दिंडीबाहेरचा विद्यार्थी

1899 साल संपत आले असताना गोव्यातल्या सांखवाळचा एक तेवीस वर्षांचा माणूस घर सोडून निघाला. धर्मानंद दामोदर कोसंबी. शाळा लवकर सुटलेली, घरच्या नारळीच्या बागेची देखरेख अंगावर पडलेली, लग्न लहानपणीच झालेले आणि पहिली मुलगी माणिक अजून तान्ही. ‘बालबोधमेवा’ या मुलांच्या मासिकात त्यांनी बुद्धाविषयी वाचले आणि बुद्धाचा धर्म मुळातून शिकायचाच, असे त्यांच्या मनाने घेतले. मुळातून म्हणजे आधी संस्कृत, आणि मग पुढे जी भाषा लागेल ती. कुठे राहायचे, कोण शिकवील, जेवायचे काय, परतायचे केव्हा, यांतले काही ठरलेले नव्हते. पुढे 1924 साली प्रसिद्ध झालेल्या ‘निवेदन’ या आत्मकथनात त्यांनी हा प्रवास सांगितला आहे. तेव्हापर्यंत ते पालीचे नामवंत पंडित झाले होते. पण पुस्तकाचा पूर्वार्ध वाचताना समोर येतो तो पंडित नव्हे. अपुऱ्या पैशांनिशी, पुढच्या मुक्कामाची खात्री नसलेला एकटा विद्यार्थी येतो.

‘निवेदन’ मी यंदा तिसऱ्यांदा वाचले, त्याला कारण घडले. इंदापुरात माझ्याकडे इतिहास शिकलेली आणि आता बारामतीच्या औद्योगिक वसाहतीत हिशेबाचे काम करणारी एक मुलगी एकटीच्या प्रवासाचा आराखडा घेऊन आली. “सर, जरा बघता का?” आराखडा तीन महिन्यांचा, ग्वाटेमाला या मध्य अमेरिकेतल्या देशाचा. अँटिग्वा या जुन्या शहरात स्पॅनिश शिकायचे. तिथल्या शाळांत एका शिक्षकापुढे एकच विद्यार्थी बसतो आणि राहणे-जेवणे बहुधा एखाद्या कुटुंबात असते. मग पॅसिफिकच्या काठी, एल पारेदोन या काळ्या वाळूच्या गावी लाटेवर फळी घेऊन उभे राहायला शिकायचे, म्हणजे सर्फिंग. आणि शेवटी अतित्लान सरोवराकाठी सान मार्कोस गावात योगाचा वर्ग. योग शिकायला बारामतीहून ग्वाटेमाला! मला हसू आले, पण ते फार वेळ टिकले नाही. कोसंबींचा प्रवास आठवला.

आमच्या भागात घर सोडून दूर जाण्याची जी रीत आहे, ती एकट्याची नाही. तुकोबांची पालखी बारामतीहून निघते, काटेवाडीला धोतरांच्या पायघड्या आणि मेंढ्यांचे रिंगण होते, बेलवाडीला गोल रिंगण, मग निमगाव केतकी, इंदापूर, आणि सराटीला नीरेचे स्नान करून पालखी सोलापूर जिल्ह्यात उतरते. दिंडीत माणूस मोजलेला असतो. त्याचे सामान वाहनात, त्याची भाकर कुठल्या गावी हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले, आजारी पडला तर शेजारचा टाळकरी आहेच. योजना आहे, पण ती गावांनी आणि फडांनी वाहिलेली आहे. वारकऱ्याने ती एकट्याने कागदावर आखावी लागत नाही. दिंडीतून मागे पडलेला माणूस दिसला की आमच्याकडे पहिला प्रश्न असतो, “कुणाबरोबर आलात?” एकट्या बाईला तर तो प्रश्न आधी विचारतात आणि पाणी मागाहून देतात.

शिकण्यासाठीचा प्रवासही इथे उलट दिशेने झाला. बारामतीची विद्येतली सर्वांत मोठी ओळख मोरोपंतांची. ते जन्मले पन्हाळ्याला, 1729 साली. शिकले तिथेच, केशव आणि गणेश पाध्ये या बंधूंकडे. पुढे बाबूजी नाईकांच्या आश्रयाने बारामतीला आले, त्यांच्याकडे पुराण सांगत राहिले आणि 1794 मध्ये मृत्यू येईपर्यंत इथलेच झाले. म्हणजे विद्या बारामतीत आली ती आश्रयदात्यापाठोपाठ. बारामतीतून विद्येसाठी बाहेर पडायचे तर वाट होती, पण दाणापाणी कुणाचे, हा प्रश्न मोठा होता. रेल्वेने वाट तेवढी सोपी केली. पुण्याहून निघालेला लोहमार्ग 1858च्या डिसेंबरात इंदापूर तालुक्यातल्या डिकसळपर्यंत पोहोचला. दौंड-बारामती ही अरुंद गाडी 1914 साली आली. डिकसळहून माणूस एका तिकिटावर मुंबईला जाऊ शकत होता. मुंबईत उतरल्यावर जेवायचे कुठे, हे तिकिटावर लिहिलेले नव्हते.

कोसंबींच्या वेळी याचे उत्तर देणारी एक जुनी व्यवस्था अजून शिल्लक होती, आणि माझ्या मते त्यांच्या प्रवासाचे खरे रहस्य तिच्यातच आहे. पुण्यात ते डॉ. रामकृष्ण गोपाळ भांडारकरांना भेटले. तिथून उत्तरेकडे सरकत काशीला पोहोचले, आणि काशीत ते अन्नछत्रात जेवून संस्कृत शिकले. कुणा दूरच्या संस्थानिकाने किंवा सावकाराने पुण्य मिळावे म्हणून ठेवलेल्या ठेवीवर तिथे विद्यार्थ्याचे पोट भरत असे. शिकवणाऱ्या शास्त्र्याला फी द्यायची नसे. आजच्या भाषेत बोलायचे तर राहणे, जेवणे आणि शिकवणी हे तिन्ही खर्च तिसऱ्याच कुणीतरी आधी भरून ठेवलेले होते. अर्थात या ताटावर जातीचे नाव लिहिलेले होते. ब्राह्मण विद्यार्थ्याला जे छत्र उघडे, ते इंदापूरच्या माळ्याच्या किंवा महाराच्या मुलाला बंद. कोसंबी किती धाडसी होते याचे कौतुक करताना एवढे ध्यानात ठेवावे लागते की, त्याच वर्षी तेवढेच धाडस करणाऱ्या दुसऱ्या कुणाला काशीत उपाशी राहावे लागले असते.

1902 मध्ये ते नेपाळला गेले. बुद्धाच्या जन्मभूमीच्या आसपास त्याचा धर्म जिवंत भेटेल ही आशा होती. जे दिसले त्याने निराशा पदरी आली. मग बुद्धगया, कलकत्ता, मद्रास आणि समुद्र ओलांडून सिंहलद्वीप, म्हणजे आजची श्रीलंका. कोलंबोच्या विद्योदय विद्यालयात सुमंगल महास्थविरांकडे ते पाली शिकू लागले आणि श्रामणेर झाले. इथे छत्राची जागा विहाराने घेतली. भिक्षूंना जेवण देणे हे गावाचे काम, त्यात कोकणी माणूसही सामावला गेला. पण प्रकृतीला तिथले अन्न मानवले नाही आणि त्यांना मद्रासला परतावे लागले. पुढे ब्रह्मदेश. तिथे सगाईंगच्या डोंगरात, ञाणतिलोक या जर्मन भिक्षूच्या सोबतीने, त्यांनी ध्यानाचा अभ्यास केला.

ही गोष्ट पुन्हा एकदा सावकाश सांगतो. मगधात बोलला गेलेला धर्म शिकायला गोव्याचा माणूस लंकेत गेला. पालीला स्वतःची लिपी नाही, म्हणून तो सिंहली लिपीत ती वाचायला शिकला, मग ब्रह्मी लोकांच्या लिपीत. आणि आनापान, समाधी, विपश्यना हे शब्द ज्या देशात घडले, त्या देशाबाहेर एका जर्मनाशेजारी बसून त्याने त्यांचा अनुभव घेतला. कारण साधे होते: ती विद्या त्या वेळी तिथे जिवंत होती, इथे नव्हती. पुढे त्यांनी ‘समाधिमार्ग’ लिहिले आणि 1940 साली ‘विसुद्धिमग्ग’ नागरीत संपादून छापला. म्हणजे परदेशी अक्षरांत शिकलेले घरच्या अक्षरांत आणून ठेवले. यानंतर ग्वाटेमालातल्या योगवर्गाला हसायचे माझे धाडस उरले नाही. कुवलयानंदांनी 1924 साली लोणावळ्याला कैवल्यधाम काढले आणि आसनांना प्रयोगशाळेत नेले. तिथे जायला बारामतीहून एक दिवसही लागत नाही, हे मी त्या मुलीला सांगितले. ती म्हणाली, “माहीत आहे सर. पण तिकडे स्पॅनिशमध्ये आसन ऐकायचंय. श्वास घ्या, सोडा, हे आधी कळलं की भाषा लवकर बसते.” हे मला सुचले नसते. ओळखीच्या गोष्टीच्या आधाराने अनोळखी भाषा शिकणे हीच तर कोसंबींचीही पद्धत. संस्कृतच्या खांद्यावरून त्यांनी पाली पाहिली.

लाटेचे मात्र वेगळे आहे. आमच्या पट्ट्यात पोहणे विहिरीत शिकतात. पाठीला वाळका भोपळा किंवा पांगाऱ्याचा बिंडा बांधायचा आणि काठावरून ढकलून द्यायचे, हीच शिकवणी. मुलींना तीही क्वचित मिळायची. नीरेच्या कालव्याचे पाणी वाहते असले तरी एका दिशेने वाहते; उजनीचा फुगवटा भिगवणपाशी इतका शांत असतो की रोहित पक्षी त्यात पाय रोवून उभे राहतात. लाट ही गोष्ट या मुलीने चित्रपटात पाहिलेली. त्यासाठीही एवढे दूर जायचे कारण नाही, हे तिला ठाऊक होते. कर्नाटकात मंगळूरजवळ मुल्की येथे जॅक हेबनर या अमेरिकन वैष्णवाने 2004 साली आश्रमातच सर्फिंगची शाळा सुरू केली: पहाटे पूजा, योग, शाकाहारी जेवण आणि समुद्र. भारतातल्या या खेळाची सुरुवात सांगताना त्याचे नाव टाळता येत नाही. म्हणजे तिच्या आराखड्यातले दोन भाग तरी आपल्याच किनाऱ्यावर, एकाच अंगणात, आधीच एकत्र आलेले होते. तिने ती नोंदही केली होती, “सरावासाठी, दिवाळीनंतर”, कारण पावसाळ्यात आपला समुद्र नवशिक्याचा नव्हे.

एकटीने जाणाऱ्या बाईला आराखड्याखेरीज आणखी एक कागद लागतो: खुलासा. आनंदीबाई जोशी यांनी तो 1883च्या फेब्रुवारीत श्रीरामपूरला, बंगालमधल्या, भर सभेत इंग्रजीतून दिला. अमेरिकेला का, इथे सोय नाही का, एकटी का, ख्रिस्ती होशील का, जात टाकील त्याचे काय, असे लोकांचे प्रश्न स्वतःच मांडून त्यांनी एकेकाला उत्तर दिले. वय सतरा. एप्रिलात त्या नवऱ्याशिवाय कलकत्त्याहून बोटीत बसल्या. 1886 मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. 1887च्या फेब्रुवारीत पुण्यात वारल्या. तेवीस वर्षांच्या कोसंबींना असे भाषण करावे लागले नव्हते. घर सोडणाऱ्या पुरुषासाठी आपल्याकडे वैराग्य हा शब्द तयार असतो, त्याच्याआड पुष्कळ प्रश्न झाकले जातात.

त्यांतला एक प्रश्न बाळाबाईंचा. कोसंबींची पत्नी गोव्यात, मांडीवर मूल, नवरा कुठे आहे आणि परत येणार की नाही याची शाश्वती नाही. हा काळ सहा वर्षांहून अधिक होता. ‘निवेदना’त कोसंबींनी घर सोडल्याचे दुःख लपवलेले नाही, पण पुस्तक त्यांच्या पावलांबरोबर पुढे जाते आणि घर मागे राहते. त्या वर्षांचे बाळाबाईंनी लिहिलेले काहीच आपल्यापाशी नाही. काशीचे अन्नछत्र कुणाच्या ठेवीवर चालले हे दगडावर कोरलेले असते. सांखवाळच्या घरातली ठेव कुठे कोरलेली नाही. आमच्या मुलीच्या आराखड्यात विमान, विमा, शाळा, फळीचे भाडे या रकान्यांखाली “आजी” असाही एक रकाना होता. आजीला आठवड्यातून दोनदा दवाखान्यात न्यावे लागते, आणि ते काम हिच्याकडे. सोमवारपुढे भावाचे नाव होते. गुरुवार रिकामा होता. विमानाचे भाडे तिने दोन वर्षांत साठवले. तो गुरुवार भरायला तिला त्याहून कठीण गेले, असे ती म्हणाली, आणि मला ते खरे वाटले.

1906 मध्ये कोसंबी कलकत्त्याच्या नॅशनल कॉलेजात पाली शिकवू लागले, चीवर उतरवले आणि घरच्यांना भेटले. 1907च्या जुलैत मुलगा दामोदर जन्मला. तोच पुढे गणिती आणि इतिहासकार म्हणून जगाला माहीत झाला. सयाजीराव गायकवाडांनी महिना 50 रुपये देऊ केले तेव्हा त्यांनी महाराष्ट्रात राहून काम करणे पसंत केले. ‘विसुद्धिमग्गा’च्या संपादनासाठी 1910 मध्ये ते हार्वर्डला गेले, तेही एकटेच. दुसऱ्या खेपेला, 1918 साली, जाताना दोन मुले बरोबर होती. दामोदर दहा-अकरा वर्षांचा, त्याला केंब्रिजमधल्या शाळेत घातले. आणि माणिक, जिला तान्ही असताना सोडून ते निघाले होते, ती रॅडक्लिफ कॉलेजात शिकायला गेली. बाळाबाई याही वेळी इथेच राहिल्या.