रक्तपिपासू पिशाच आणि क्रूस

कोल्हासुराच्या नावाशी आख्यायिकेने जोडलेल्या आमच्या कोल्हापुरास राक्षसांचे अप्रूप नाही. मुंजा पिंपळावर, हडळ विहिरीवर, वेताळ स्मशानात, अशी मराठी भुतांची वतने पूर्वापार ठरलेली. त्यांच्या कुळकथेत बहुधा एखादी अपुरी इच्छा असते. मुंजीनंतर पण लग्नापूर्वी मेलेला मुलगा तो मुंजा. रक्त पिऊन जगणारा आणि आपल्या बळीलाही आपल्यासारखेच करून सोडणारा व्हॅम्पायर मात्र या मातीतला नव्हे. १८७० मध्ये रिचर्ड बर्टन यांनी विक्रम-वेताळाच्या कथा इंग्रजीत नेताना वेताळाला ‘व्हॅम्पायर’ म्हटले खरे; पण कोडी घालणाऱ्या बिचाऱ्या वेताळावर तो अन्यायच होय.

हा पाहुणा पूर्व युरोपातला. अठराव्या शतकात हंगेरी, मोराविया, सर्बिया या प्रदेशांत प्रेते उकरून त्यांच्या छातीत लाकडी मेख ठोकण्याचे व ती जाळण्याचे प्रकार घडू लागले. बेनेडिक्टाइन संन्यासी डॉम ऑगस्टिन काल्मे यांनी १७४६ मध्ये या वार्तांवर ग्रंथ लिहिला. पोप चौदावे बेनेडिक्ट यांनी असल्या गोष्टी कल्पनेचा खेळ मानल्या. १७५५ मध्ये सम्राज्ञी मारिया तेरेसा हिने आपला वैद्य गेरार्ड व्हान स्वीटेन याच्या अहवालानंतर प्रेतांची ही विटंबना बंद पाडली. विषय तेथेच मिटावयाचा, परंतु तो साहित्यिकांच्या हाती लागला.

डब्लिनच्या प्रॉटेस्टंट घराण्यातील ब्रॅम स्टोकर यांची ‘ड्रॅक्युला’ १८९७ ची. तीत डॉ. व्हान हेल्सिंग पवित्र ख्रिस्तप्रसादाचा चुरा करतो, तो मळतो आणि थडग्याच्या फटी त्याने लिंपतो! वर सांगतो, की आपल्याजवळ ‘इंडल्जन्स’ आहे. सेमिनरीच्या पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्यासही येथे हसू आवरणार नाही. इंडल्जन्स म्हणजे क्षमा झालेल्या पापाबद्दल उरलेल्या दंडाची माफी. काही करण्याचा तो परवाना नव्हे. भाविक कॅथलिक वाचकाच्या अंगावर काटा यावा तो याच प्रसंगी. पुढे चित्रपटांनी क्रूसाचा ताईत करून टाकला, आणि तोच ताईत आज आमच्या धर्मग्रामातील मुले मागू लागली आहेत. रात्री चित्रपट पाहावयाचा आणि रविवारी मिस्सा संपताच “फादर, दारावर लावायला क्रूस आशीर्वादित करून द्या,” म्हणून यावयाचे. क्रूस आम्ही आनंदाने देतो. तो कशासाठी हवा, हे मात्र विचारतो.

मराठीत या प्रश्नाला नारायण धारप (१९२५–२००८) यांनी आपल्या परीने उत्तर दिले. स्टीफन किंग यांच्या १९७५ च्या ‘सालेम्स लॉट’वर त्यांची ‘लुचाई’ बेतलेली आहे. त्यांच्या इतर कथांत अघोरी शक्तींशी झुंजतात ते ‘समर्थ’. तेथे शस्त्र असते ते साधनेचे. आम्हांस हे प्रामाणिक वाटते. ज्या कथेत कोणी ख्रिस्ती नाही, तेथे भिंतीवर क्रूस टांगणे म्हणजे नाटकातले नेपथ्य झाले असते. रत्नाकर मतकरी (१९३८–२०२०) यांनी तर ‘खेकडा’सारख्या गूढकथांतून भय माणसाच्या मनातच आणून बसविले. सुळ्यांची गरजच उरली नाही. हृषीकेश गुप्ते यांच्या ‘अंधारवारी’ने भयकथेची वाट आजच्या पिढीपर्यंत आणली आहे.

मेथॉडिस्ट संस्कारांत वाढलेल्या किंग यांना मात्र क्रूसाचे मर्म स्टोकरपेक्षा अधिक उमगले, असे आमचे मत आहे. त्यांच्या कादंबरीत फादर कॅलाहन क्रूस उगारतात, तो प्रकाशमान होतो. पिशाच म्हणते, क्रूस टाक आणि केवळ श्रद्धेच्या बळावर समोर ये. फादर कचरतात, हातातली वस्तू घट्ट धरून ठेवतात. आणि प्रकाश मावळतो. १९९२ च्या कॅथलिक ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथातील २१११ वा परिच्छेद हेच सांगतो: अंतःकरणाचा भाव सोडून केवळ बाह्य कृतीला सामर्थ्य चिकटविणे म्हणजे अंधश्रद्धा. तरुणांच्या सभेत हा परिच्छेद व हा प्रसंग शेजारी ठेवून वाचावा, अशी आमची शिफारस आहे.

पराभूत फादर आपल्याच चर्चच्या दाराला हात लावतात, तेव्हा ते दार त्यांना भाजून दूर फेकते. बस पकडून ते गाव सोडतात. २००३ च्या ‘वुल्व्हज ऑफ द काला’मध्ये किंग त्यांना पुन्हा भेटवितात: वृद्ध झालेले, दूरच्या एका खेड्यात स्वतः उभारलेल्या चर्चचे धर्मगुरू म्हणून.