भंगारातून डोंगराकडे

सायकल हे यंत्र सामान्यतः कारखान्याच्या हिशेबाने जन्मास येते. नळीची जाडी किती असावी, चाकाला आरे किती घालावेत, साखळीच्या चक्राला दात किती ठेवावेत, हे सारे आधी कागदावर ठरते आणि मग माल बाजारात येतो. डोंगरी सायकल, जिला सगळे जग माउंटन बाइक म्हणून ओळखते, ती मात्र उलट्या वाटेने आली. ती प्रथम घरामागच्या गॅरेजात करवतीने कापून, कानशीने घासून आणि भंगारातले तुकडे एकमेकांस जोडून तयार झाली. कारखान्यांना जाग आली ती नंतर.

हा प्रकार घडला अमेरिकेत, कॅलिफोर्निया राज्यात. सॅन फ्रान्सिस्कोहून गोल्डन गेट पूल ओलांडून उत्तरेस गेले, की मरिन परगणा लागतो. तेथे टॅमलपायस नावाचा अडीच हजार फुटांहून थोडा अधिक उंच असा डोंगर आहे. रानात वणवा पेटला तर बंबाच्या गाड्या जाव्यात म्हणून या भागात कच्चे रस्ते काढून ठेवलेले आहेत. १९७० नंतरच्या वर्षांत तेथील काही तरुणांना या रस्त्यांवरून सायकलीने भरधाव उतरण्याचा छंद लागला. त्यांच्यापैकी पुष्कळजण पक्क्या रस्त्यावरील शर्यतींत भाग घेणारे होते. पण शर्यतीची नाजूक सायकल दगडगोट्यांवर टिकेना. तेव्हा त्यांची नजर भंगाराकडे वळली.

भंगारात काय होते? १९३३ साली शिकागोच्या श्विन कंपनीने मुलांच्या सायकलींना जाड, कमी हवेचे, फुगीर टायर बसवून त्या बाजारात आणल्या होत्या. मंदीच्या काळात विक्री वाढावी म्हणून या सायकलींना मोटारसायकलचे रूप देण्यात आले: खोटी टाकी, भले मोठे मडगार्ड, दिवे, स्टँड. त्या जड होत्या, पण विलक्षण मजबूत होत्या. पुढे त्या जुन्या झाल्या आणि अडगळीत पडल्या. १९७३ साली जो ब्रीझ यांनी १९४१ सालची अशी एक सायकल पाच डॉलरांना विकत घेतली. अशा सायकलींना तेथे ‘क्लंकर’ म्हणत. आपल्याकडे त्यांस ‘खटारा’ म्हटले असते.

घरी आणल्यावर पहिले काम उतरविण्याचे असे. टाकी, मडगार्ड, कॅरियर, स्टँड, जे जे डोंगरावर निरुपयोगी ते ते पान्याने सोडवावयाचे आणि जे सुटत नसेल ते करवतीने कापावयाचे. येथवर विशेष असे काही नाही; कोणताही हुन्नरी मुलगा हे करील. खरी अडचण पुढे होती आणि ती ब्रेकची होती.

या जुन्या सायकलींना एकच ब्रेक असे, तोही मागच्या चाकाच्या तुंब्यात. पायडल उलटे दाबले की तुंब्याच्या आतील भाग पसरून कवचाला घासतात आणि चाक थांबते. सपाट रस्त्यावर शाळेला जाणाऱ्या मुलासाठी ही सोय उत्तम. परंतु फेअरफॅक्स गावाजवळ जो एक उतार या मंडळींनी शर्यतीसाठी निवडला, तो सुमारे दोन मैलांत तेराशे फूट खाली येतो. तितका वेळ ब्रेक दाबून धरला म्हणजे तुंबा इतका तापे, की आतले ग्रीस जळून त्याचा धूर निघे. खाली पोहोचल्यावर तुंबा उघडून त्यात नवे ग्रीस भरल्यावाचून पुन्हा उतरणे शक्य नसे. ग्रीस पुन्हा भरणे यासाठी इंग्रजीत जो शब्द आहे, तोच त्या रस्त्याचे नाव होऊन बसला: रिपॅक. २१ ऑक्टोबर १९७६ रोजी तेथे पहिली शर्यत झाली आणि ती ॲलन बाँड्स यांनी जिंकली. पुढे गॅरी फिशर यांनी हा उतार ४ मिनिटे २२ सेकंदांत पार केला. तो विक्रम मागे पडला नाही.

ब्रेक निकामी झाला तर हाडे मोडावयाची हे उघड होते. म्हणून १९७५ च्या सुमारास फिशर यांनी आपल्या जुन्या श्विनला दुसऱ्या यंत्रांचे अवयव जोडावयास आरंभ केला. दोघांनी चालवावयाच्या सायकलीचा ड्रम ब्रेक, मोटारसायकलच्या ब्रेकचे मजबूत दांडे, जाड केबल आणि चढ चढता यावा म्हणून अनेक दात्यांचा गिअर असा तो संसार होता. हा विचार एकट्या फिशर यांचाच होता असे मात्र नाही. डिसेंबर १९७४ मध्ये मिल व्हॅली येथे भरलेल्या एका शर्यतीस दक्षिणेकडील क्युपर्टिनो गावचे काही सायकलस्वार आले होते. त्यांच्या जाड टायरांच्या सायकलींना गिअर होते. ते आले, मरिनच्या लोकांनी ते पाहिले, आणि मग ते इतिहासातून जवळजवळ नाहीसेच झाले. त्याहीपूर्वी, १९५३ साली, जॉन फिन्ली स्कॉट यांनी श्विनच्याच एका सांगाड्यावर जाड टायर, सरळ हँडल आणि गिअर चढवून रानात हिंडण्याजोगी सायकल केली होती. पण ती एकाची एकच राहिली. शेजारी स्पर्धा करणारा कोणी नसला म्हणजे असल्या गोष्टी जेथल्या तेथे राहतात.

गिअर बसविणे हे बोलण्याइतके सोपे नव्हते. जुना सांगाडा एका दातेरी चक्रासाठी बनविलेला. त्याच्या मागच्या दोन टोकांमध्ये पाच चक्रांचा तुंबा मावत नसे. तेव्हा ती टोके बळाने फाकवावी लागत. सांगाडा पोलादाचा असल्यामुळे तो वाकविला तर त्या नव्या आकारात राही. पण दोन्ही बाजू सारख्या फाकल्या नाहीत, तर मागचे चाक पुढच्या चाकाच्या रेषेत येत नसे. पुढे ड्रम ब्रेक बसविला, तर त्याचा सारा झटका चाक धरणाऱ्या चिमट्यावर येई आणि मुलांच्या सायकलीचा चिमटा त्यासाठी केलेलाच नव्हता. एक भाग सुधारला की त्याच्या शेजारचा भाग कमजोर ठरे. सुधारणांची ही साखळी शेवटी सांगाड्यापर्यंत पोहोचली, कारण तीस-चाळीस वर्षांच्या जुन्या नळ्या आता तडकू लागल्या होत्या आणि भंगारातला साठाही आटत चालला होता.

आता तुकडे जोडून भागणार नव्हते. ब्रीझ यांनी १९७४ साली आल्बर्ट आयझेनट्राउट यांच्याकडे सांगाडे बांधण्याची विद्या घेतली होती. १९७७ साली, मित्र चार्ली केली यांच्या आग्रहावरून, त्यांनी क्रोम-मॉलिब्डेनम पोलादाच्या नळ्या कापून, टोके कानशीने गोल घासून आणि पितळेचा डाग देऊन केवळ डोंगरासाठी असा पहिला सांगाडा जोडला. १९७८ पर्यंत असे दहा झाले. सायकलीचे वजन ३८ पौंड भरले. आजच्या मानाने ते फार आहे. पण ती मोडली नाही, आणि रिपॅकच्या उतारावर तेच महत्त्वाचे होते.

१९७९ साली टॉम रिची यांनी बांधलेले सांगाडे घेऊन फिशर आणि केली यांनी ‘माउंटन बाइक्स’ या नावाचे लहानसे दुकान काढले. ते नाव त्यांच्या मालकीचे राहिले नाही. ते साऱ्या जगाचे झाले. १९८१ साली स्पेशलाइज्ड या कंपनीने जपानात करवून घेतलेली ‘स्टम्पजम्पर’ बाजारात आणली आणि पाठोपाठ शिमानो कंपनीने १९८२ साली डोंगरी सायकलीसाठी गिअर आणि ब्रेक यांचा स्वतंत्र संच काढला. ज्या वस्तू घरी कानशीने घासून बसवाव्या लागत, त्या आता खोक्यातून निघू लागल्या. यात नवल नाही; नवल आहे ते श्विन कंपनीचे. ज्यांच्या टाकाऊ सायकलींवर हे सारे उभे राहिले, त्या कंपनीने १९७८ च्या सुमारास ‘क्लंकर ५’ नावाची एक सायकल काढली आणि लवकरच बंदही केली. मरिनमधील पोरांचा खेळ म्हणून तिकडे पाहिले गेले असावे. १९९२ साली त्या कंपनीने दिवाळखोरीचा अर्ज दाखल केला.

खोक्यातला माल आला म्हणून हाताचे काम थांबले असे नाही. सांताक्रुझ येथील कीथ बाँट्रेगर यांना १९८० नंतरच्या दशकात हलकी आणि भक्कम रिम हवी होती. डोंगरी सायकलीच्या मापात ती मिळेना. तेव्हा त्यांनी रस्त्यावरच्या सायकलीची मोठी, ॲल्युमिनियमची रिम घेतली, तिचा एक तुकडा कापून काढला आणि उरलेली रिम लहान वर्तुळात वळवून पुन्हा सांधली. पुढे कारखान्यांनी त्या मापाच्या हलक्या रिम काढल्या.

या घरगुती कामाला एक मर्यादा प्रथमपासून होती. वजन कमी करण्यासाठी भागांना ड्रिलने भोके पाडण्याची लाट १९७० नंतर रस्त्यावरच्या शर्यतवाल्यांत होती. भोकाच्या कडेशी ताण एकवटतो आणि तडा तेथूनच सुरू होतो. सपाट रस्त्यावर हे कदाचित खपून जाते, डोंगर ते खपवून घेत नाही. पोलाद निदान आधी वाकते, म्हणजे सूचना देते. उष्णतेने कडक केलेले ॲल्युमिनियम फाकविले तर चिरते, आणि कार्बनच्या धाग्यांचा सांगाडा तर वाकवून सरळ करण्याचा प्रश्नच नाही. त्यामुळे सांगाडा घरी फाकविण्याचे दिवस बहुतांशी संपले आहेत.

ब्रीझ यांची पहिली सायकल आता वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेच्या संग्रहालयात आहे. घरच्या करवतीला उरलेले नेहमीचे काम म्हणजे हँडल आपल्या खांद्यांच्या रुंदीस कापून घेण्याचे. हँडले आता फार रुंद येतात. पुष्कळांच्या दोन्ही टोकांशी कारखान्यानेच बारीक रेघा छापलेल्या असतात. करवत कोठे लावावयाची, ते त्यांवरून कळते.