सवलत कोणाला, किंमत कोणाला?

हेल्मेटचा विषय निघाला की आपल्याकडे लगेच दोन तट पडतात. मला मात्र हा वाद हेल्मेटचा कधी वाटलाच नाही. कायदा कोणाला, केव्हा आणि किती लावायचा, असा तो वाद आहे.

मोटार वाहन कायदा १९८८ चा. त्याच्या कलम १२९ प्रमाणे दुचाकीवर हेल्मेट सक्तीचे आहे. पगडीधारी शिखांना सवलतही त्याच कलमात दिलेली आहे. म्हणजे सवलत आहे, पण लिहून ठेवलेली, सर्वांना आधीच ठाऊक असलेली.

पुण्यात पोलिसांनी १ जानेवारी २०१९ पासून हे कलम कडकपणे लावायला घेतले. कायदा तीस वर्षांचा, पण लोकांना तो नवा फतवा वाटला! आंदोलने झाली, शहरातले आमदार मुख्यमंत्र्यांना भेटले आणि जूनमध्ये रस्त्यावरची कारवाई थंडावली. त्याच वर्षी १ सप्टेंबरपासून केंद्राने दंड वाढवले. विधानसभेची निवडणूक तोंडावर होती, राज्याने ते लागू केले नाहीत. वाढीव दंड आले ते डिसेंबर २०२१ मध्ये. कायदा पुस्तकात होता तिथेच होता, त्याची धार मात्र तारखेप्रमाणे बदलत गेली.

आम्हा मास्तरांना हे चांगले ठाऊक असते. उशिरा आलेल्याला सोमवारी वर्गात घेतले आणि मंगळवारी बाहेर उभे केले, तर मुले घड्याळ बघायचे सोडून मास्तरांचा चेहरा बघायला लागतात. चौकात तरी दुसरे काय होते? सिग्नलकडे नंतर, आधी 'मामा' उभा आहे का ते बघायचे.

म्हणून पोलिसाने तारतम्य वापरूच नये का? वापरावे. पण त्याला एक माप हवे.

आपल्या नगर (आता अहिल्यानगर) जिल्ह्याचेच बघा. १९५० साली प्रवरेचा सहकारी कारखाना सुरू झाला आणि ऊस जिल्ह्याचा प्राण झाला. हंगामात ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या निघतात. कित्येकींना मागे दिवा नसतो, रिफ्लेक्टरही नसतो. तोडलेला ऊस वाळला तर शेतकऱ्याचे वजन घटते, म्हणून कोणी अडवत नाही. ही दया खरी आहे. पण हेल्मेट नसले तर डोके स्वतःचे फुटते. अंधारात ट्रॉलीवर आदळणारा मोटारसायकलवाला मात्र दुसऱ्याला दिलेल्या सवलतीची किंमत मोजतो.

ऊस अडवू नका. मागे रिफ्लेक्टर लावा, मगच गाडी सोडा, आणि रोज तसेच करा. एवढे तारतम्य पुरे. तुम्हाला काय वाटते, जरूर कळवा.