बेलारुशी आणि बर्मी : दप्तरातील भाषा व घरातील भाषा

बेलारूस आणि ब्रह्मदेश एकमेकांपासून फार दूर आहेत. पहिला देश पोलंड व रशिया यांच्यामध्ये वसलेला, दुसरा आपल्या ईशान्य सीमेला लागून. भाषाकुळेही भिन्न. तथापि राजभाषेचा दर्जा लाभल्याने भाषेचे नेमके काय होते, हे या दोन भाषा शेजारी ठेवून पाहिले म्हणजे चांगले उमगते.

बेलारुशी ही केवळ खेडवळांची बोली होती, हा समज चुकीचा आहे. लिथुएनियाच्या जुन्या राज्याचा कारभार तिच्याच पूर्वरूपात चाले. (युक्रेनी पंडितही त्या भाषेवर हक्क सांगतात, ते निराळे.) १५२९, १५६६ आणि १५८८ या तिन्ही कायदेसंहिता त्या भाषेत सिद्ध झाल्या. १६९६ मध्ये दप्तरात तिची जागा पोलिशने घेतली. पुढे रशियन साम्राज्यात नोकरीची, शिक्षणाची आणि शहराची भाषा रशियन झाली. १९९० मध्ये बेलारुशी एकमेव राजभाषा ठरली खरी. पण १९९५ च्या सार्वमताने रशियनला समान दर्जा मिळाला. २००९ च्या जनगणनेत सुमारे ५३ टक्के लोकांनी मातृभाषा म्हणून बेलारुशी सांगितली. घरात ती बोलणारे मात्र सुमारे २३ टक्केच निघाले! सरकारी नोकरीत ज्याने असे तक्ते हाताळले आहेत, त्याला या दोन रकान्यांमधील अंतराचे मोल कळेल. पहिल्या रकान्यात माणूस आपला अभिमान लिहितो, दुसऱ्यात दिनक्रम. अनेकांच्या तोंडी दोन्ही भाषांची सरमिसळ असते. तिला ‘त्रास्यांका’ म्हणतात. मूळ अर्थ, गवत आणि पेंढा एकत्र करून केलेली वैरण.

बर्मीची गोष्ट उलट. १११३ च्या सुमारास कोरलेल्या म्याझेदी शिलालेखात एकच मजकूर पाली, मोन, प्यू आणि बर्मी अशा चार भाषांत आहे. त्यांपैकी प्यू पुढे नामशेष झाली. १८८५ मध्ये इंग्रजांनी मंडाले घेतले आणि वरिष्ठ कचेऱ्यांत इंग्रजी आली. परंतु घर, बाजार आणि बौद्ध विहार बर्मीकडेच राहिले. १९४८ मध्ये स्वातंत्र्य मिळाले, तेव्हा ती राजभाषा म्हणून सहज उभी राहिली. तिचे लेखी रूप व बोली रूप यांत मात्र प्रत्यय-अव्ययांपासून फरक आहे. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. शान, कारेन, काचिन मुलांना सरकारी शाळेत कित्येक दशके बर्मीतूनच शिकावे लागले. मिन्स्कच्या घरात रशियनने जे केले, ते डोंगराळ मुलखात बर्मीच करीत आली.

मंडालेचा पदच्युत राजा थिबा रत्नागिरीत नजरकैदेत राहिला व १९१६ मध्ये तेथेच वारला. त्याची थोरली कन्या अखेर रत्नागिरीतच राहिली. तिच्या मुलीच्या संसारात बोलली गेली ती मराठी.