बड ग्रीनस्पॅन : शेवटच्या आलेल्या खेळाडूलाही ऑलिंपिकचा हिरो करणारा निर्माता

२० ऑक्टोबर १९६८, मेक्सिको सिटी. ऑलिंपिकची मॅरेथॉन जिंकून इथिओपियाच्या मामो वोल्डेला तासाहून अधिक वेळ झाला होता. अंधार पडला होता आणि बहुतेक प्रेक्षक घरी गेले होते. तेवढ्यात पायाला बँडेज बांधलेला एक धावपटू लंगडत स्टेडियममध्ये आला. तो होता टांझानियाचा जॉन स्टीफन अखवारी. वाटेत पडल्यामुळे त्याच्या गुडघ्याला जबर मार लागला होता. शर्यत सुरू केलेल्या ७५ जणांपैकी ५७ जणांनी ती पूर्ण केली. अखवारी सत्तावन्नावा होता.

हा प्रसंग आजही सोशल मीडियावर फिरत असतो. तो जगभर पोचवण्यात मोठा वाटा आहे बड ग्रीनस्पॅन या अमेरिकी माहितीपट निर्मात्याचा.

रेडिओपासून सुरुवात

ग्रीनस्पॅन यांचा जन्म १९२६ साली न्यूयॉर्कमध्ये झाला. लहानपणी त्यांच्या बोलण्यात दोष होता, पण त्यावर मात करून ते तरुणपणीच रेडिओवर क्रीडा निवेदक झाले. त्याच काळात त्यांची ओळख जॉन डेव्हिस या कृष्णवर्णीय वेटलिफ्टरशी झाली. डेव्हिसने १९४८ मध्ये सुवर्ण जिंकलं होतं आणि १९५२ च्या हेलसिंकी ऑलिंपिकसाठी तो तयारी करत होता. ही तीच स्पर्धा, जिथे कराडजवळच्या गोळेश्वरच्या खाशाबा जाधवांनी भारतासाठी कुस्तीचं कांस्यपदक आणलं.

डेव्हिसने हेलसिंकीत पुन्हा सुवर्ण जिंकलं आणि ग्रीनस्पॅन यांनी त्याच्यावर छोटा माहितीपट बनवला. तो अमेरिकेच्या परराष्ट्र खात्याने विकत घेतला. शीतयुद्धाचा काळ होता. अमेरिकेत कृष्णवर्णीयांना वाईट वागणूक मिळते, या सोव्हिएत प्रचाराला उत्तर म्हणून सरकारला असा चित्रपट हवाच होता. खेळाच्या गोष्टीला बाजारात किंमत आहे, हे ग्रीनस्पॅन यांना इथे कळलं.

ओवेन्ससोबत पुन्हा बर्लिनला

१९३६ च्या बर्लिन ऑलिंपिकमध्ये, हिटलरच्या जर्मनीत, जेसी ओवेन्सने चार सुवर्णपदकं जिंकली होती. १९६० च्या दशकात ग्रीनस्पॅन त्याला घेऊन पुन्हा त्याच स्टेडियममध्ये गेले. जुनं चित्रण आणि त्याच जागी उभा असलेला पन्नाशीचा ओवेन्स, अशी मांडणी त्यांनी केली. पुढे हीच त्यांची शैली ठरली.

१९७० च्या दशकात त्यांची ‘द ऑलिंपियाड’ ही मालिका आली. एक-एक तासाचे २२ भाग असलेली ही मालिका ८० हून अधिक देशांत दाखवली गेली. १९७७ मध्ये त्यांनी पोलिओवर मात करून रोम ऑलिंपिकमध्ये तीन सुवर्ण जिंकणाऱ्या विल्मा रुडॉल्फवर टीव्ही चित्रपट केला. डेन्झेल वॉशिंग्टनच्या अगदी सुरुवातीच्या भूमिकांपैकी एक त्यात आहे.

या प्रवासात पत्नी कॅपी त्यांच्या कामातही भागीदार होत्या. कंपनीचं नावही ‘कॅपी प्रॉडक्शन्स’च होतं. १९८३ मध्ये कॅपी यांचं निधन झालं.

‘१६ डेज ऑफ ग्लोरी’

पुढच्याच वर्षी लॉस एंजेलिस ऑलिंपिकचा अधिकृत चित्रपट त्यांनी केला. सोळा दिवस, शेकडो सामने. सगळं दाखवणं अशक्य. मग कॅमेरा कोणाच्या मागे लावायचा? क्रीडा माहितीपटाच्या निर्मात्याचा खरा कस इथेच लागतो. पैसा उभा करणं, चित्रणाचे हक्क मिळवणं, चॅनेलना चित्रपट विकणं ही कामं असतातच, पण कोणाची गोष्ट जपून ठेवायची हेही त्यालाच ठरवावं लागतं.

ग्रीनस्पॅन यांनी विजेत्यांबरोबर ब्रिटनच्या डेव्ह मूरक्रॉफ्टचीही गोष्ट सांगितली. ५००० मीटरचा विश्वविक्रम नावावर असलेला मूरक्रॉफ्ट दुखापतीमुळे अंतिम शर्यतीत शेवटचा आला. विजेता सईद औइता त्याला पूर्ण एका फेरीने मागे टाकण्याच्या बेतात होता. तेवढं होऊ नये म्हणून तो जीव तोडून धावत राहिला.

टीका काय होती?

ग्रीनस्पॅन ऑलिंपिकची फक्त गोड बाजू दाखवतात, डोपिंग, राजकारण आणि पैशाचे घोटाळे बाजूला ठेवतात, असा आक्षेप कायम घेतला गेला. त्यात तथ्य होतं. अधिकृत चित्रपट करणाऱ्याने आयोजकांवर बोट ठेवणं अवघडही असतं. ओवेन्सने सांगितलेल्या एका गोष्टीवरही पुढे क्रीडा अभ्यासकांनी शंका घेतली. लांब उडीच्या वेळी जर्मन प्रतिस्पर्धी लुझ लाँगने आपल्याला सल्ला दिला, असं तो सांगायचा. खेळात चांगलं घडतं ते जास्त आहे आणि आपण तेच दाखवणार, ही भूमिका मात्र ग्रीनस्पॅन यांनी सोडली नाही.

अखेरपर्यंत काम

१९८५ मध्ये आंतरराष्ट्रीय ऑलिंपिक समितीने त्यांना ‘ऑलिंपिक ऑर्डर’ हा सन्मान दिला. टक्कल पडलेल्या डोक्यावर सरकवलेला चष्मा ही त्यांची ओळख बनली होती. २०१० च्या व्हँकुव्हर हिवाळी ऑलिंपिकचं काम त्यांनी केलं आणि त्याच वर्षी २५ डिसेंबरला, वयाच्या ८४ व्या वर्षी, पार्किन्सनच्या आजाराने त्यांचं निधन झालं.

२०१७ मध्ये क्रायटेरियन कंपनीने शंभर वर्षांच्या ऑलिंपिक चित्रपटांचा संच काढला. त्यात एकूण ५३ चित्रपट आहेत आणि ग्रीनस्पॅन यांचं कामही आहे. पदकांच्या यादीत नाव नसलेला मूरक्रॉफ्ट त्यात आजही शेवटची फेरी धावताना दिसतो.