रामेनचें दुकान

मुंबई-पुण्याच्या उपाहारगृहांतून अलीकडे ‘रामेन’ नांवाचा एक पदार्थ मिळूं लागला आहे. मोठा खोल वाडगा, त्यांत वाफाळणारें सार, सारांत बुडालेल्या गव्हाच्या लांब शेवया, वर कांद्याची पात, बांबूचे कोंब आणि बहुधा डुकराच्या मांसाच्या चकत्या, असें त्याचें स्वरूप असतें. येथें त्याला परदेशी मेजवानीचा मान मिळतो आणि दामही तसाच मोजावा लागतो. खुद्द जपानांत मात्र रामेन हें राजवाड्यांतलें किंवा देवळांतलें अन्न कधींच नव्हतें. तें मजुराचें, विद्यार्थ्याचें, रात्रीं उशिरां घरीं परतणाऱ्या नोकरदाराचें अन्न. शिवाय मुळांत तें जपानीही नव्हे.

इ. स. १८५९ मध्यें योकोहामा हें बंदर परदेशी व्यापाराला खुलें झालें. गोऱ्या व्यापाऱ्यांच्या पाठोपाठ त्यांचे चिनी कारकून, दुभाषे आणि आचारी तेथें उतरले. त्यांतले पुष्कळसे दक्षिण चीनमधील क्वांगतुंग प्रांतांतले होते. तरीही जपानी लोकांनीं त्यांच्या वस्तीला ‘नानकिन-माची’, म्हणजे नानकिंगपुरा, असें म्हटलें, आणि त्यांच्या शेवयांना ‘नानकिन सोबा’. नांव देणाराला भूगोलाची फारशी पर्वा नसते, हेंच खरें. जपानांत कुट्टूच्या व गव्हाच्या शेवया पूर्वापार होत्या. परंतु हाडांचें सार त्यांना नवें होतें. इ. स. ६७५ मध्यें तेम्मु सम्राटानें गाय, घोडा, कोंबडी इत्यादि प्राण्यांच्या मांसास बंदी केली होती, आणि बौद्ध धर्माच्या वळणामुळें पुढें शतकानुशतकें मांसाहार गौण मानला गेला. १८७२ सालीं मेइजी सम्राटानें गोमांस खाल्ल्याचें जाहीर झालें, तेव्हां ही जुनी चाल मोडण्यास राजमान्यता मिळाली. १८९९ सालीं परकीयांनीं ठराविक वस्तींतच राहावें हा निर्बंध उठला, आणि चिनी आचाऱ्याला शहरांत इतरत्र जाण्यास वाट मोकळी झाली.

त्या वाटेनें निघालेलें सर्वांत नांवाजलेलें दुकान म्हणजे तोक्योच्या असाकुसा भागांतलें ‘राइराइकेन’. योकोहामाच्या जकात खात्यांत नोकरी केलेल्या ओझाकी कान्इची या गृहस्थानें तें १९१० सालीं काढलें. योकोहामाच्या चिनी वस्तींतले आचारी त्यानें मुद्दाम आणले होते. असाकुसा हा नाटकगृहांचा आणि गर्दीचा भाग; स्वस्त, गरम व झटपट मिळणाऱ्या या वाडग्यावर लोकांची झुंबड उडाली. मालकाचें नांव इतिहासानें जपून ठेवलें आहे. आचाऱ्यांचीं नांवें सहसा कोणी घेत नाहीं.

या शेवयांची खुबी त्यांच्या पिठांत आहे. तें ‘कान्सुइ’ नांवाच्या क्षारयुक्त पाण्यांत मळतात. त्यांत सोडियम व पोटॅशियम कार्बोनेट हे क्षार असतात. त्यांनीं पिठाला पिवळसर रंग येतो, आणि शेवई उकळत्या सारांतही लिबलिबीत न होतां ताठ राहते. उडदाचे पापड करतांना आपल्याकडील बायका पापडखार घालतात, तो याच जातीचा.

१ सप्टेंबर १९२३ च्या कान्तो भूकंपानें तोक्यो व योकोहामा हीं दोन्ही शहरें उद्ध्वस्त झालीं. दुकानें गेलीं, आचारी हातगाड्या घेऊन रस्त्यावर आले, कांहीं दूरच्या गांवीं गेले. रात्रीं गाडी येत असल्याची वर्दी गाडीवाला ‘चारुमेरा’ वाजवून देई. हें वाद्य आपल्या सनईच्या कुळांतलें. नांव मात्र पोर्तुगीज लोकांनीं दिलेलें. एका वाडग्याभोंवतीं किती देशांची ये-जा व्हावी!

या पदार्थाच्या नांवाची कथा मात्र तितकी गोड नाहीं. ‘नानकिन सोबा’ मागें पडून ‘शिना सोबा’ हें नांव रूढ झालें. ‘शिना’ म्हणजे चीन. परंतु चीनवरील आक्रमणाच्या काळांत त्या शब्दांत तुच्छता मुरत गेली. सारामध्यें चिनी आचाऱ्याची कला चाखावयाची आणि त्याच्याच देशाचें नांव हिणवून घ्यावयाचें, अशी ही रीति होती. साप्पोरो शहरांत १९२२ सालीं निघालेल्या एका खाणावळीविषयीं अशी आख्यायिका आहे कीं, गिऱ्हाइकें चिन्यांना हिणवणाऱ्या शब्दानें हा पदार्थ मागत. तें मालकिणीला सहन होईना, म्हणून तिनें त्याचें नांव ‘रामेन’ ठेवलें. आख्यायिका खरी असो वा नसो, ती सांगावीशी वाटली यांतच सर्व आलें. युद्धानंतर, १९४६ सालीं, ‘शिना’ शब्द टाळावा असें जपानच्या परराष्ट्र खात्यानेंच सुचविलें, आणि पाट्यांवर ‘चूका सोबा’ हें निरुपद्रवी नांव आलें.

१९४५ चा पराभव झाला तेव्हां तांदळाचें पीक बुडालें होतें. कोरिया व तैवान हातचे गेल्यानें तेथून येणारा तांदूळ बंद झाला, आणि साठ लाखांहून अधिक सैनिक व वसाहतवाले परत मायदेशीं आले. शिधापत्रिकेवर मिळणाऱ्या धान्यावर पोट भरणें शक्य नव्हतें. शहराशहरांत काळे बाजार उभे राहिले. अमेरिकेहून आलेल्या गव्हाचें पीठ या ना त्या वाटेनें तेथें पोहोंचे. त्याच्या शेवया होत, आणि कायद्याची नजर चुकवून गाड्यांवर विकल्या जात. चरबीचा तवंग असलेल्या त्या वाडग्याची थोरवी ज्यानें उपास काढले त्यालाच कळावी. पुढें अमेरिकेच्या १९५४ च्या ज्या कायद्यानें जपानला गहूं मिळाला, त्याच कायद्याखालीं १९५६ पासून भारतांतही तो येऊं लागला. रेशनच्या त्या लाल गव्हाला आपल्याकडे लोकांनीं नांवें ठेवलीं आणि तो खाल्लाही.

ओसाकाच्या काळ्या बाजारांत थंडींत एका गाडीपुढें लागलेली लांब रांग मोमोफुकु आंदो यांनीं पाहिली होती. ती आपण विसरलों नाहीं, असें ते पुढें सांगत. आंदो हे तैवानांत १९१० सालीं जन्मलेले. एका पतसंस्थेच्या दिवाळ्यांत सर्वस्व गेल्यावर, वयाच्या सत्तेचाळीसाव्या वर्षीं त्यांनीं परसांतल्या खोपटांत प्रयोग आरंभिले. शिजवलेल्या शेवया तेलांत तळल्या कीं त्यांतलें पाणी उडून बारीक छिद्रें राहतात, आणि गरम पाणी ओततांच त्या पुन्हां मऊ होतात, हें त्यांना साधलें. २५ ऑगस्ट १९५८ रोजीं ‘चिकन रामेन’ बाजारांत आला. किंमत ३५ येन. त्या वेळीं ताज्या शेवयांचा गोळा ६ येनांना मिळे. म्हणजे पुढें गरिबाचें म्हणून जगभर गाजलेलें हें अन्न आरंभीं चैनीचें होतें! ‘रामेन’ हें नांव घरोघरीं पोहोंचलें तें मुख्यतः या पुडक्यामुळें. आपल्याकडील दोन मिनिटांच्या शेवया त्याच घराण्यांतल्या.

दुकानें मात्र पुडक्यांनीं बुडालीं नाहींत. प्रत्येक प्रांतानें आपली चव काढली: साप्पोरोची मिसोची, क्यूशूची डुकराच्या हाडांच्या दुधाळ साराची. २०१५ सालीं तोक्योच्या सुगामो भागांतल्या एका लहान रामेन-दुकानाला मिशेलिनचा तारा मिळाला आणि खवय्यांना पहांटेपासून पाळी धरावी लागली.

फुकुओकाच्या नागाहामा भागांत मात्र अजूनही जुनी तऱ्हा दिसते. तेथील मासळी-बाजारांतल्या माणसांना वेळ नसे, म्हणून शेवया अगदीं बारीक करीत. त्या क्षणांत शिजत. भूक उरली तर नुसत्या शेवयांची दुसरी खेप मागावयाची. तिला ‘काएदामा’ म्हणतात. त्यासाठीं सार राखून ठेवणें भाग असतें. फळीसमोर खांद्याला खांदा लावून माणसें बसतात, आवाज करीत शेवया ओढतात, आणि वाडगा रिकामा होतांच जागा सोडतात, कारण मागें दुसरा उभा असतो.