फुलांच्या रांगेत आगगाडी

मुंबईच्या कुठल्याही हस्तकला प्रदर्शनात आजकाल एक कापड हमखास भेटतं. लोकल, डबलडेकर, काळी-पिवळी टॅक्सी आणि मधल्या मोकळ्या जागांत फुलं. कधी त्याची पिशवी झालेली असते, कधी उशीचा अभ्रा, कधी कुर्ता. रस्त्यावरचं वाहन आणि मातीतलं फूल ही जोडी आजच्या तरुण डिझायनरांना सुचली, असं सहज वाटून जातं. पण वाहन कापडावर आलं त्याला आता दीडशे वर्षं तरी झाली असतील. आलं तेव्हा तिथे फूल आधीच बसलेलं होतं आणि वाहनाला त्या फुलाकडूनच बसायची रीत शिकावी लागली. ज्या नक्षीने ती रीत पाळली ती टिकली.

या घराण्याचं सगळ्यात देखणं जुनं माणूस बंगालमध्ये सापडतं. मुर्शिदाबादजवळ भागीरथीच्या काठी बालुचर नावाचं गाव होतं आणि तिथलं रेशमी लुगडं म्हणजे बालुचरी. आपल्या पैठणीत जर झळकते. बालुचरीत जर नाही, सगळी नक्षी रेशमाच्याच धाग्यांची. अंगभर लहान बुट्टे, काठाला फुलांची वेल, पदराच्या मधोमध मोठ्या कोयऱ्या आणि त्यांच्याभोवती चौकटींच्या रांगा. चौकटींत माणसं बसतात: हुक्का ओढणारा नवाब, हातात फूल धरलेली बेगम, घोडेस्वार. 1854 मध्ये हावड्याहून हुगळीला पहिली गाडी धावली आणि मग एकोणिसाव्या शतकातल्या बालुचरींच्या याच चौकटींत आगगाडीचे डबे दिसू लागले. खिडकीखिडकीत एकेक बसलेला उतारू. कुठे आगबोटही आली.

हे विणलं कसं जाई, ते पाहिल्याशिवाय यातली गंमत कळत नाही. नक्षीची एकेक ओळ आधी दोऱ्यांच्या जाळ्यात बांधून ठेवायची. मदतनीस ओळीओळीने दोऱ्यांचे जुडगे ओढतो, ताण्याचे नेमके धागे उचलले जातात आणि विणकर त्यांच्याखालून रंगीत रेशीम घालतो. मग पुढची ओळ. मागावर रेघ फक्त आडवी किंवा उभी असते. प्रत्येक बाक पायऱ्यापायऱ्यांनी काढावा लागतो. डबा सोपा, तो मुळातच चौकोनी. खरी परीक्षा चाकाची. पण पायऱ्यांतून गोलाई काढायचा विणकराचा हात पिढ्यानपिढ्या फुलांवर घडलेला होता. मधला ठिपका, भोवती सारख्या अंतरावर पाकळ्या. पाकळ्यांच्या जागी आरे घातले की चाक तयार. शिवाय जाळं एकदा बांधलं की तोच आकार पुन्हा पुन्हा येतो. डब्यामागे डबा हे तर आगगाडीचं मूळ रूपच. ती या मागावर परकी वाटलीच नाही. काठाची वेल होती तिथेच राहिली, कोयरीही राहिली, आणि गाडी एखाद्या बुट्ट्यासारखी रांगेत उभी राहिली.

बालुचरीचा शेवटचा नावाजलेला विणकर दुबराज दास. तो आपल्या कापडात स्वतःचं नाव विणत असे. 1903 च्या सुमारास तो गेला आणि ती विद्या जवळजवळ थांबली. पुढे 1950 च्या दशकात विष्णुपूरच्या अक्षयकुमार दास यांनी जॅकार्ड मागावर ती पुन्हा उभी केली. तो वेगळ्या लेखाचा विषय आहे.

आता मुंबई. इथे घडलं ते उलट दिशेने: गाडी फुलांकडे गेली नाही, फुलंच गाडीच्या घरी आली. 16 एप्रिल 1853 रोजी बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी सुटली आणि पंचवीस वर्षांनी, 1878 मध्ये, त्याच जागी फ्रेडरिक विल्यम स्टीव्हन्स यांच्या आराखड्यावर नव्या स्थानकाचं काम सुरू झालं. तेच आजचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस. तिथल्या दगडी नक्षीचा मोठा भाग जॉन ग्रिफिथ्स यांच्या देखरेखीखाली जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांनी केला. खांबांच्या माथ्यांवर आणि खिडक्यांच्या कमानींत पानं आहेत, फुलं आहेत, मोर, माकडं, मुंगूस, सरडे आहेत. गॉथिक वास्तूत युरोपातल्या झाडांची पानं कोरायची पद्धत होती. इथे ती जागा इथल्या झाडांना मिळाली.

हे आपोआप झालं नाही. त्यामागे एक अभ्यासक्रम होता, आणि त्या अभ्यासक्रमाचं मूळ शोधत गेलं की माणूस पुन्हा भारतातच येऊन पोचतो. 1851 मध्ये लंडनला जागतिक प्रदर्शन भरलं. भारतातून गेलेली कापडं तिथे मांडली होती आणि ती पाहून ओवेन जोन्स हा वास्तुकार भारावून गेला. फूल हुबेहूब काढून कापडावर चिकटवायचं नाही, त्याचा गाभा घ्यायचा, त्याला पृष्ठभागाच्या शिस्तीत बसवायचं, ही गोष्ट भारतीय कारागिरांना साधली आहे आणि युरोपच्या गिरण्यांना नाही, असं त्याचं मत झालं. 1856 साली निघालेल्या ‘ग्रामर ऑफ ऑर्नमेंट’ या ग्रंथात त्याने हे नियमांच्या रूपात मांडलं आणि शेवटचं प्रकरण थेट निसर्गातल्या पानाफुलांना दिलं. लंडनच्या साउथ केन्सिंग्टनच्या कलाशिक्षणात हा विचार मुरला. तिथली पद्धत घेऊन 1865 मध्ये दोन शिक्षक जे. जे. मध्ये आले: ग्रिफिथ्स आणि लॉकवुड किपलिंग. म्हणजे आपल्या छिपा-विणकरांच्या हातातली गोष्ट लंडनला जाऊन नियम झाली आणि मुंबईला अभ्यासक्रम होऊन परतली. वासाहतिक शाळेने आपल्याला सगळं शिकवलं असं मानणाऱ्यांनी आणि तिने सगळं बिघडवलं असं मानणाऱ्यांनीही हा फेरा एकदा नीट पाहावा.

ग्रिफिथ्स यांनी आणखी एक मोठं काम केलं. 1872 पासून दहाबारा वर्षं ते विद्यार्थ्यांना घेऊन अजिंठ्याला जात राहिले आणि चित्रांच्या नकला करवून घेत राहिले. अजिंठा म्हटलं की आपल्याला पद्मपाणी आठवतो. पण पहिल्या आणि दुसऱ्या लेण्यातलं छत डोकं वर करून पाहावं. चौकोनांमागे चौकोन आणि प्रत्येकात कमळ, फळं, पानं, मध्येच एखादा हत्ती. शेकडो वर्षांपूर्वीच्या कलावंतांनी छताचं गणित असं सोडवलं होतं. विद्यार्थ्यांनी ते चौकोन हाताने उतरवले आणि त्याच काळात त्याच शाळेचे हात बोरीबंदरच्या दगडावर चालत होते. अजिंठ्याची रेघ थेट स्थानकात उतरली, असा माझा दावा नाही. पण पृष्ठभाग भरायचा कसा, किती भरायचा, कुठे मोकळा सोडायचा, हे जो त्या छताखाली बसून शिकला, त्याचा हात खांबाच्या माथ्यावर वेगळा चालणारच.

घाईच्या वेळी हे कुणी पाहत नाही, आणि ते स्वाभाविक आहे. पण सकाळची गर्दी ओसरल्यावर खांबाचा एखादा माथा निवडून त्याच्याखाली दहा मिनिटं उभं राहून पाहावं. पानं खालून वर येताना खांबाचा भार उचलल्यासारखी बाहेर वळतात, आणि दोन पानांमधली सावली पानाइतकीच आखीव असते. कोरणाऱ्याने पानाबरोबर सावलीही कोरली आहे.

आता जरा दूर जाऊ, कारण फुलाला हाकलून दिलं की काय होतं, याचा प्रयोगही झालेला आहे. क्रांतीनंतरच्या रशियात, 1927 ते 1933 या काळात, काही तरुण चित्रकारांनी फुलांचं छापील चीट हे जुन्या भांडवली अभिरुचीचं लक्षण ठरवलं. त्यांना कापडावर आगगाड्या, विमानं, ट्रॅक्टर, कारखान्यांची धुराडी हवी होती. इव्हानोवोच्या गिरण्यांतून असं कापड छापून निघालं. त्यातलं सेर्गेई बुरीलिनचं काम आजही डोळ्यांना धरून ठेवतं, आणि त्याचं कारण उघड आहे. तो क्रांतीच्या आधीपासून चिटाच्या नक्ष्या काढत आलेला माणूस होता. यंत्राचा बुट्टा कसा करायचा हे त्याच्या हाताला ठाऊक होतं. बाकी पुष्कळ कापड म्हणजे नुसतं भित्तिपत्रक होतं. ऑक्टोबर 1933 मध्ये ‘प्रावदा’ या वर्तमानपत्राने पुढून ट्रॅक्टर, मागून कापणीयंत्र अशा अर्थाच्या मथळ्याखाली या कापडाची टर उडवली आणि लवकरच सरकारनेही ते बंद केलं. गिरण्यांत फुलं परत आली.

लंडनने तिसरा रस्ता काढला. तिथे नक्षी वाहनाच्या आत, आसनावर गेली. भुयारी रेल्वे आणि बसच्या आसनांना मॉकेट नावाचं जाड लोकरी कापड असतं. त्याच्या लवेतले काही फासे कापलेले, काही तसेच ठेवलेले, म्हणून एकाच रंगाच्याही दोन छटा दिसतात. 1930 च्या दशकात फ्रँक पिक यांच्या कारकिर्दीत लंडन ट्रान्सपोर्टने त्यासाठी नामांकित कलावंतांकडून नक्ष्या करून घेतल्या. त्यांत एनिड मार्क्स होती. ती हाताने ठसे मारून कापड छापण्यात तयार झालेली. इथे तिच्यापुढे वेगळ्याच अटी होत्या: मळ दिसू नये, हलत्या गाडीत डोळे दिपू नयेत, आणि कापड कुठूनही कापलं तरी आसन अपुरं वाटू नये. तिने भौमितिक आकार घेतले, पण त्यांची बांधणी ठशाच्या कापडाची आहे. 2010 मध्ये वॉलेस सेवेल या जोडीने केलेल्या नक्षीत बिग बेन, टॉवर ब्रिज, सेंट पॉल आणि लंडन आय आहेत. रोजच्या प्रवाशाला ते पटकन सापडत नाहीत. मला हीच त्या नक्षीची मोठी खूण वाटते.

मुंबईत 2015 च्या सुमारास संकेत अवलानी यांच्या ‘टॅक्सी फॅब्रिक’ या उपक्रमाने टॅक्सीच्या सीटवर, छताला आणि दारांना तरुण डिझायनरांची कापडं चढवली, तेव्हा हा रस्ता इथेही उघडला. त्यानंतर काही वर्षांत प्रीमिअर पद्मिनी टॅक्सी गेली, बेस्टची जुनी लाल डबलडेकर गेली, आणि दोघी पिशव्यांवर आल्या. माझी तक्रार एवढीच की त्या नुसत्या छायाकृती होऊन आल्या. फोटोवरून बाह्यरेषा काढायची, ती आठ वेळा डकवायची आणि उरलेल्या फटींत फुलं टाकायची. फुलंही बहुधा गुलमोहराची किंवा पांढऱ्या चाफ्याची. गुलमोहर मादागास्करचा, हा चाफा अमेरिकेचा. दोघांवर माझा राग नाही, आपल्या रस्त्यांवर त्यांनी सावली धरली आहे. पण इथलं फूल काढतो असं म्हणायचं तर पळस, पांगारा, बहावा, काटेसावर आहेत आणि उन्हाळ्यात जांभळा होणारा तामण आहे, जो महाराष्ट्राचं राज्यफूल आहे.

तामणाचं फूल हातात घेऊन पाहा. पाकळ्या बहुधा सहा. प्रत्येक पाकळी वर इस्त्री न केलेल्या मलमलीसारखी चुणलेली आणि देठाशी निमुळती, त्यामुळे बुडाशी पाकळ्यांमध्ये फट राहते. मधोमध पिवळ्या केसरांचा झुबका. म्हणजे चाकाचा तुंबा, आरे, मधल्या मोकळ्या जागा, हे सगळं त्यात आहेच. आणि लोकलकडे पाहायचं तर तिची बाह्यरेषा सोडून द्यावी. डब्यात एका ओळीत लटकणारी हँडलं पाहावीत, पहिल्या वर्गाच्या डब्यावरचे लाल-पिवळे तिरपे पट्टे पाहावेत, टपावरचे पेंटोग्राफ पाहावेत. यातली प्रत्येक गोष्ट आधीच पुनरावृत्तीत आहे.

मला बघायचं आहे ते कापड असं: सबंध जमिनीवर तामणाची बुट्टी, अर्ध्या अंतराने खाली सरकवलेली. प्रत्येक चौथ्या ओळीत पाकळ्यांच्या जागी हँडलं, तितक्याच अंतरावर, तितक्याच वजनाची. काठाला पहिल्या वर्गाचे तिरपे पट्टे, पण जांभळे आणि केसरी पिवळे. डबा कुठेही काढलेला नाही. जे. जे. चं आवार आणि बोरीबंदर एकमेकांपासून चालत काही मिनिटांवर आहेत, आणि वाटेत वर पाहायला दगडातली पानं आहेत. हे कापड तिथल्या एखाद्या विद्यार्थ्याने या मे महिन्यातच काढायला घ्यावं, तामण फुलावर असताना.